एकच सांगा, काका

व्ही. शांतारामांचा आवडता चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं की मला घाम फुटतो. कारण विचारणारा चित्रपटाचं नाव ऐकतच नाही, तो तुम्हाला जोखतो. 'कुंकू' म्हणालात की तुम्ही पुरोगामी आणि जरासे शिष्ट. 'दो आँखें बारह हाथ' म्हणालात की निवृत्त मुख्याध्यापक. 'पिंजरा' म्हणालात की मित्र डोळा मारतात, 'नवरंग' म्हणालात की बायको भुवई उंचावते. आणि 'चानी' म्हणालात, तर हा कधी आला होता म्हणून तुमचीच उलटतपासणी सुरू होते. (1977 साली आला होता. पण तारीख पाठ असणं म्हणजे आवड नव्हे.)

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या पोरांना हे कळणं शक्यच नव्हतं. यंदा एका रात्री ऑर्केस्ट्रा रद्द करून पडद्यावर जुना सिनेमा लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काय करालाय काका?" म्हणत चौघं आत आले. "तुम्ही लई सिनेमे बघितलाय. शांतारामबापूंचा एक सांगा की. तुम्हाला सगळ्यात आवडतो तो."

"दोन सांगितले तर?"

"दोन कशाला काका, दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा असतोय. एकच सांगा."

एवढं सांगून, चहा पिऊन पोरं गेली. मी मात्र अडकलो.

पहिल्यांदा 'कुंकू'च डोक्यात आला. 1937 चा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे त्यात अशी काही उभी राहते, की पडद्याबाहेरच्या नवऱ्यांनीही पाय जवळ ओढून घ्यावेत. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे येतात, आणि भिंतीवरचं घड्याळ. केशवराव दाते एकटेच त्या घड्याळाखाली बसतात आणि लंबकाची टिकटिक त्यांचं वय मोजत राहते. ते बघताना मला आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवावासा वाटतो. पण गणपतीपुढे, मागे जनरेटर धडधडतोय, कोपऱ्यावर गोबी मंच्युरियनच्या तव्यावर उलथनं खणखणतंय, तिथं ही टिकटिक कोण ऐकणार? शिवाय शेवट आत्महत्येचा. मोदक खाऊन बसलेल्या माणसांना ते कसं दाखवायचं?

"मग 'नवरंग' लावा," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "एकटी संध्या बाई आणि बाप्या दोन्ही होऊन नाचते. पोरंटोरं तरी बघतील."

"बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली होती. 'दो आँखें'च्या वेळी. त्या अंधारातून बाहेर आल्यावर त्यांना रंग..."

"ते तुम्ही मागच्या होळीलाही सांगितलंय. लावायचाय की नाही तेवढं बोला."

'नवरंग' मला आवडतो. पण तो आवडतो असं लाऊडस्पीकरवरून गल्लीत जाहीर व्हावं इतका आवडत नाही. या दोन आवडींत फरक आहे, आणि माझ्या वयाच्या माणसाला तो कळतो.

तेवढ्यात पलीकडचे कन्नड सर आले. हे शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झाले, मराठी पेपर माझ्या आधी वाचतात आणि मग मला देतात. बातमी त्यांना आधीच लागली होती.

"शांताराम तुमचे कसे हो?" खुर्चीत टेकायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "पोरवयात हुब्बळ्ळीला होते ते. रेल्वेच्या कारखान्यात राबलेत. तिथल्या थेटरात दाराशी उभे राहून सिनेमे बघितलेत. शिकले कुठं? हुब्बळ्ळीत. आणि हुब्बळ्ळी नम्दू री! आमची!"

"जन्म कोल्हापूरचा आहे, सर. 1901. प्रभात कंपनी निघाली तीही कोल्हापुरात, 1929 साली."

"जन्म कुठंही होतोय. शिक्षण महत्त्वाचं."

झालं. सीमाप्रश्न बापूंपर्यंत पोचला. कोल्हापूरला जन्म, हुबळीला उमेदवारी आणि मध्ये आम्ही. मिरजेहून हुबळीला जाणारी गाडी बेळगावावरूनच जाते, तेव्हा बापू कधीतरी आमच्या स्टेशनावर चहा तरी प्याले असतील, एवढाच काय तो आमचा हक्क. तोसुद्धा मी सिद्ध करू शकत नाही.

"मी सांगतो," सर म्हणाले, "'शेजारी' लावा. 1941. हिंदू-मुसलमान दोन म्हातारे मित्र. बुद्धिबळ खेळतात, भांडतात. तुम्ही-आम्ही शेजारी शेजारी बसून बघू."

"सर, त्यात शेवटी धरण फुटून दोन्ही शेजारी मरतात."

सर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "राकसकोप धरणाचं पाणी नळाला येईना, आणि तुम्ही धरण फुटलेलं दाखवणार. नको नको."

'दो आँखें बारह हाथ' हिंदी म्हणून बाद झाला. खरं म्हणजे त्याची मूळ हकीकत आपल्याच भागातली. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली होती, तिच्यावरून तो सुचला. पण हे सांगून मी गल्लीत मत फिरवू शकलो नसतो. तिथं मराठी की कन्नड एवढे दोनच पक्ष आहेत, तिसऱ्याचं डिपॉझिट जप्त होतं.

खरं सांगायचं तर मनात 'माणूस' होता, सुरुवातीपासून. 1939. शाहू मोडक त्यात हवालदार. पडद्यावर कितीतरी वेळा कृष्ण झालेला माणूस इथं खाकी घालून बदनाम वस्तीत छाप्याला जातो, आणि तिथल्या मैनाला पकडायचं सोडून वाचवतो. मग स्वतःच अडकतो. प्रेम केलंय, पण पुढचं पाऊल टाकायचं धाडस होत नाही. मोडकांचा तो चेहरा, काय करायचं ते कळतंय पण पाय उचलत नाही असा, मी उभ्या आयुष्यात ठिकठिकाणी पाहिला. कधी लग्नघरात, कधी तहसीलदार कचेरीत, एकदा तर दाढी करताना आरशात. आणि मैना झाली होती शांता हुबळीकर. उद्याची चिंता कशाला करता, असं गिऱ्हाइकांना विचारणारं तिचं ते गाणं, निरनिराळ्या भाषांतली कडवी एकात एक गुंफलेलं, आमच्यासारख्या एका वाक्यात दोन भाषा बोलणाऱ्यांना घरचंच वाटतं.

"हुबळीकर!" सरांनी टाळी वाजवली. "बघा, पुन्हा हुब्बळ्ळी."

म्हणजे कोल्हापूरही राजी आणि हुबळीही. असा योग कुठल्या आयोगाला जमला नाही. मी कागदावर ठसठशीत 'माणूस' लिहिलं, खाली कारण लिहिलं, ते खोडून जरा बरं कारण लिहिलं आणि पोरांना हाक मारली.

"काका, कलर हाय काय?"

"1939 चा आहे रे."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. थोरला अदबीनं म्हणाला, "मग काका, 'पिंजरा' लावतो. पेनड्राइव्हमध्ये तोच हाय."

"मग मला विचारलं कशाला?"

"पत्रकावर 'काकांच्या आवडीचा' असं छापलंय की!"

छापलंसुद्धा होतं. आता गल्लीभर माझी आवड म्हणजे तमासगिरीणीच्या नादी लागून अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात फाशी जाणारे मास्तर. डॉ. लागूंनी काम बेफाम केलंय, त्यात वाद नाही. पण ही ते पत्रक वाचून नुसतीच "हं" म्हणाली. त्यानंतरचा चहा बिनसाखरेचा आला.

सरांना मात्र उकळ्या फुटत होत्या. "पुढल्या वर्षी कन्नड," त्यांनी पोरांना बजावलं. "दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल. काका, त्यांचा एक सांगा बघू."

"शरपंजर," मी म्हटलं.

"एवढं पटकन?"

"तेवढा एकच बघितलाय, सर."

सर खवळले. "एकच? आणि 'नागरहावु'? 'गेज्जे पूजे'? 'रंगनायकी' तर... 'रंगनायकी'च. नाही, थांबा. 'नागरहावु'. म्हणजे तसं म्हटलं तर..."

"एकच सांगा, सर," थोरला म्हणाला.

सर उठले, चपला शोधल्या, त्यांतली एक माझी घातली आणि दारातून वळून म्हणाले, "नाळे हेळतेनी. उद्या सांगतो."