तक्रार क्रमांक ५१०५१०

मे महिन्यात नागपुरात फ्रिज बंद पडणं काय असतं हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून उपयोग नाही. अर्धं टरबूज, पन्ह्याची बाटली, दुधाची पिशवी सगळं शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं आणि कस्टमर केअरला फोन लावला. "सर, तुमचा कम्प्लेंट नंबर ५१०५१०, अठ्ठेचाळीस तासात टेक्निशियन येईल."

बाबा रिटायर्ड गणिताचे मास्तर. बनियनवर कुलरसमोर पेपर वाचत होते, नंबर ऐकला अन् चष्मा खाली आला. "पाचशे दहा दोनदा? मंग १००१ नं भाग जाते."

"बाबा, फ्रिजचं..."

"अरे कोन्ताही तीन आकडी नंबर दोनदा लिह्य, १००१ नं भाग जातेच. अन् १००१ म्हंजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा." लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे पडायला लागले, मनगटाचा घाम लागून अकरा पुसला गेला तो परत लिहिला. "उरले ५१०. दोन, तीन, पाच, सतरा. पाह्य, पहिल्या सातही मूळ संख्या, एकेकदाच, एकही सुटली नाही!" याच्यापेक्षा लहान कोणत्याच संख्येला सात वेगवेगळ्या मूळ संख्यांनी भाग जात नाही म्हणे. शिवाय ७१४ गुणिले ७१५ पण एवढेच येतात, एकूण विभाजक १२८. फ्रिज सुरू झाला असता तरी माणूस इतका खूश झाला नसता.

मला मात्र हळूहळू या नंबरातली गोम कळायला लागली. रोज फोन करायचो, पोरगी सर्व्हिसला जोडायची, सर्व्हिसवाला म्हणे पार्ट नाही स्टोअरला विचारा, स्टोअरवाला म्हणे हे तर ब्रँच पाहते, ब्रँचवाले परत पोरीकडे. १२८ जणांत सारखी वाटली जाणारी तक्रार, कोणाच्याच टेबलावर बाकी म्हणून काही उरत नाही. माझा माठ तेवढा दिवसातून तीनदा भरावा लागायचा.

नवव्या दिवशी, १२ तारखेला कळलं की तक्रार बंद केलीये. का, तर टेक्निशियन दुपारी दोनला आला तेव्हा कस्टमर घरी नव्हते! पंचेचाळीस डिग्रीत, दुपारी दोन वाजता, नागपुरातला माणूस घरी नसेल तर जाणार कुठं बे? भांडलो, पार ओरडलो, तेव्हा नवीन नंबर पडला, ५१०५११. म्हणजे मधे शहरात दुसऱ्या कोणाचं काही बिघडलंच नाही.

बाबा उठून बसले. "हा तर युक्लिडचा डाव! गुणाकारात एक मिळवला ना, आता त्या सातातल्या कोन्याही संख्येनं भाग देऊन पाह्य, दरवेळी एक उरते." मला एकदम बरं वाटलं. उरते म्हणजे कोणाच्या तरी गळ्यात पडेल. म्हटलं मूळ संख्या असेल तर काही बघायलाच नको, एकच माणूस, एकच टेबल. बाबा बिलावर पुढची मूळ संख्या घेऊन बसले, एकोणीस. भाग पूर्ण गेला. मग ९७, मग २७७. बाबांचा चेहरा पडला तो आई चहा घेऊन येईपर्यंत तसाच.

तेवढ्यात मेसेज वाजला. टेक्निशियन १९ तारखेला येणार.

"पाह्य," बाबा म्हणाले, "एकोणीसच."