आरोपीचं वकीलपत्र घेणं म्हणजे गुन्ह्यात सामील होणं?

‘अशा नराधमाची केस घेणारा वकीलही तितकाच दोषी.’ गंभीर गुन्हा घडला की हा मजकूर फिरतो. सोबत कारणं असतात: वकिलाला सत्य ठाऊक असतं, पैशासाठी तो खोटं बोलतो, अशी केस नाकारणंच योग्य. नुकती सनद मिळालेली मुलं-मुली हे वाचून फौजदारी वकिली सोडायला निघतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

सत्य ठाऊक असतं? वकिलाच्या हाती बहुधा आरोपपत्र, पंचनामे आणि अशिलाचं म्हणणं एवढंच असतं. २६/११ च्या खटल्यात कसाबसोबत फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हेही आरोपी होते. फहीमचे तरुण वकील शाहिद आझमी यांची फेब्रुवारी २०१० मध्ये हत्या झाली. त्याच वर्षी मे महिन्यात फहीम आणि सबाउद्दीन दोघेही या खटल्यातून निर्दोष सुटले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती सुटका कायम ठेवली. त्यांना वकीलच मिळाला नसता तर?

खोटं बोलण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे. अशिलानं ‘मीच केलं’ असं सांगितलं, तर वकील ते पोलिसांना सांगू शकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ त्याला बांधतं. पण खोटा साक्षीदार उभा करणं किंवा दुसऱ्यावर आळ घेणं हेही त्याला करता येत नाही. उरतं ते सरकारी पुरावा पुरेसा आहे का, हे तपासणं. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेताना नव्या वकिलाची झोप उडते, आणि ती उडायलाच हवी. बलात्कारपीडितेला तिच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांवरून टोचायला तर कायद्यानंच मनाई आहे.

पैशाचं म्हणाल, तर कित्येक आरोपींना सरकारी खर्चानं वकील मिळतो, आणि त्याचं मानधन तुटपुंजं असतं.

आता नकाराविषयी. बार कौन्सिलचा नियम सांगतो की आरोपी दोषी आहे असं मनात असलं, तरी वकिलानं त्याचा बचाव करावा. कुणीही वकीलपत्र घेऊ नये असे वकील संघांचे ठराव सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये बेकायदा ठरवले. एखाद्याला खरोखर झेपणार नसेल, तर त्यानं वकीलपत्रावर सही करण्याआधीच सांगावं. अर्ध्या मनानं केलेला किंवा मुळीच न झालेला बचाव पीडितांनाही महागात पडतो. १९९७ च्या दिल्ली बसस्फोटात आरोपीला फाशी झाली होती, पण बहुतेक साक्षी झाल्या तेव्हा त्याच्या बाजूनं वकीलच नव्हता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला सांगितलं. आपली माणसं गमावलेल्या कुटुंबांची तोवर पंधरा वर्षं गेली होती.