निळा बैल

बेंदराच्या फ्लेक्ससाठी सर्जाचा फोटो काढायचं काम मामांनी माझ्यावर टाकलं. सर्जा म्हणजे आटपाडीकडचा खिलार, लांब शिंगं, आखीव अंग, आणि स्वभाव मामांसारखाच. 41 फोटोंपैकी 40 मध्ये त्यानं मान फिरवली. एकात कान टवकारून थेट माझ्याकडं पाहिलं. मी जिंकलो.

रात्री लॅपटॉपवर फोटो उघडला आणि मामी म्हणाली, "ही नीलगाय कुठली रं?"

गोठ्यावर निळी ताडपत्री. दुपारचं ऊन तिच्यातून गाळून बैलावर पडलेलं, आणि माझ्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं ती सेटिंग, मोकळ्या उन्हावर ठेवलेला. गोठ्यात उभं असताना मला काहीच निळं दिसलं नव्हतं. माणसाचा मेंदू अशा रंगाची परस्पर वजाबाकी करून टाकतो. कॅमेरा बिचारा जे पडलं ते लिहून ठेवतो.

"दोन मिनिटांत काढतो," मी म्हणालो. या वाक्याची किंमत मी तीन रात्री फेडली.

फोटोचे रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरमधलं माझं हत्यार कर्व्ह. कर्व्ह म्हणजे चौकटीत कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली एक तिरकी रेघ. खाली 0 ते 255 फोटोतला मूळ उजेड, उभ्या बाजूला 0 ते 255 तुम्हाला हवा तो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाची रेघ वेगळी. निळ्याची रेघ मधोमध धरून खाली ओढली की निळं उतरतं, पण त्याच्या जागी पिवळं चढतं. लाल खाली ओढा, मोरपिशी येतं. हिरवं ओढा, गुलाबी. भाऊबंदकीच ती, एकाला दाबलं की दुसरा डोकं वर काढणारच.

यावर शहाण्यांचा उपाय असा, की फोटोतली मुळात पांढरी किंवा करडी असलेली जागा शोधायची आणि ड्रॉपर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली रंग टिपायची नळी, तिथं टेकवायचा. सॉफ्टवेअर तिन्ही रंग त्या जागी समान करतं. फोटोत कासरा धरून मामा उभे, डोक्यावर गांधी टोपी. टोपीपेक्षा पांढरं काय असणार? टेकवला ड्रॉपर.

"बैलाला कावीळ झालिया का?" मामा म्हणाले.

उलगडा मामीनं केला. "परवा टोपीला नीळ जरा जास्तच पडली हुती." म्हणजे टोपी मुळातच निळसर, त्यावर ताडपत्रीचा निळा. दोन्ही निळे मिळून सॉफ्टवेअरनं एकट्या सर्जाकडून वसूल केले.

दुसऱ्या रात्री मी वशिंड पकडलं. खिलार पांढराच असतो, असं पुण्यात बसून माझं पक्कं मत. वशिंडावर तिन्ही रंग समान केले, वर तिन्ही रंगांची मिळून जी एक रेघ असते, ती उचलून दिली. सर्जा धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतून आल्यासारखा लखलखला. मामा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "फोटू झ्याक हाय. पर ह्यो आपला बैल न्हाई. आरं, सर्जा कोसा हाय. मानंवर, वशिंडावर काजळी हाय त्येच्या. तीच धुतलीस व्हय?"

"ताडपत्री सोडून फोटू काढला असता तर?" मामीनं विचारलं. तिला कान टवकारण्याचं मोल काय सांगणार?

पण शेवटी उपायही तिच्याच चुलीतून निघाला. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच ताडपत्रीखाली, कॅमेऱ्याची सेटिंग न हलवता, मी कागदावर चुलीतली राख पसरून तिचा फोटो काढला. राखेवर ड्रॉपर टेकवला, जे कर्व्ह आले ते जपून ठेवले आणि सर्जाच्या फोटोला लावले. सर्जाच्या शेपटीकडचा हात-दीड हात भाग ताडपत्रीबाहेर उन्हात होता, तो तेवढा पिवळाधमक झाला. त्याला वेगळा मास्क घालून, म्हणजे तेवढाच भाग झाकून बाजूला काढून, आवरलं.

मामा लॅपटॉप उचलून थेट गोठ्यात गेले. पडदा सर्जाच्या मानेशी धरला, एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. सर्जानं पडदा चाटला.

"मानंवर बोटभर काजळी आनि पायजे."

दिली.

"आता हाय सर्जा," मामा म्हणाले. मी लॅपटॉप पुसत निघालो, तर मागून हळूच आवाज आला, "आनि ऐक, माझं तोंड तेवढं कालच्या फोटूतलं लाव."