सोडे, सोडा आणि गाडीची मॅट

गाडीच्या मॅट्स धुणं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम, असं ज्या माणसाने म्हटलं तो माणूस मीच. शनिवारी रात्री जेवताना म्हटलं, घरातली तिघंही ताटावर होती, त्यामुळे नंतर "मी असं कधी म्हटलं?" करायचीही सोय राहिली नाही.

झालं असं की त्याच आठवड्यात आम्ही दापोलीला आत्याकडे जाऊन आलो. मे महिना संपत आला की कोकणात आगोटीची गडबड सुरू असते, म्हणजे पावसाळाभराची भरणी. १ जूनपासून मासेमारी बंद होते, मग सुकट, बोंबील, सोडे जे काय घरात असेल त्यावर दिवस काढायचे. आत्याने दरवर्षीप्रमाणे आमचाही वाटा काढून ठेवला होता. सोडे म्हणजे सोललेली सुकवलेली कोलंबी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि त्यांचा भाव विचारू नका, आमच्याकडे ते देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवत नाहीत एवढंच. तर आत्याने ते हरणैहून आणलेले सोडे वर्तमानपत्रात बांधून, वर सुतळी मारून आईच्या हातात दिले आणि आई म्हणाली की डिकीत नको, मी पायाशी ठेवते, वन्संनी एवढ्या प्रेमाने दिलेत.

येताना पाऊस. वळीव म्हणावा तर थांबेना. ताम्हिणीत चहाला उतरलो, पुन्हा बसलो, पुन्हा एका ठिकाणी मुलाला मळमळलं म्हणून उतरलो, आणि दर वेळी आठ पाय, सोबत एक गळती छत्री, असं सगळं गाडीत यायचं. छत्री आईने पायाशी ठेवली. सोड्यांच्या शेजारी. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, वर्तमानपत्राचा कागद पाण्यापुढे किती टिकतो ते. घरी आल्यावर पुडकं उचललं तर वरची सुतळी आणि अर्धा अग्रलेख हातात आला, सोडे मॅटवर. आईने खाली वाकून एकेक वेचले, अगदी मोती वेचावेत तसे, आणि म्हणाली, "गरम पाण्यातून काढले तर..." बायकोने तिच्याकडे बघितलं. विषय तिथेच संपला. पण जे वेचता आले नाहीत, जे कार्पेटच्या केसांत रुतून बसले होते, ते शनिवारभर बंद गाडीत पाणी पिऊन फुगत होते.

शनिवारी संध्याकाळी दार उघडलं आणि दोन पावलं मागे आलो. वॉशिंग सेंटरला फोन केला तर तो म्हणाला इंटिरियरचे नऊशे. मी म्हटलं नुसत्या मॅट्सचे सांग, तर म्हणाला "काय सांडलंय?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, मग बाराशे.

म्हणून ते पंधरा मिनिटांचं वाक्य.

मॅट्सबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या मॅट्स गाडी घेताना शोरूमवाल्याने फुकट दिलेल्या, बेज रंगाच्या, वर कार्पेट आणि खाली रबराचे दाणे. बेज रंग पायाखाली घालायची कल्पना ज्याला सुचली तो एकतर पायांनी चालत नसावा किंवा त्याच्या गावाला माती नसावी. मध्यंतरी मी बदलायला गेलो होतो तर दुकानदार म्हणाला थ्रीडी देऊ, फाइव्हडी देऊ की सेवनडी देऊ? आइनस्टाइनने अख्खं विश्व चार मितींत बसवलं, आणि ह्याला माझ्या पायाखाली सात लागत होत्या. उरलेल्या तीन कुठल्या असं विचारलं तर म्हणाला "साहेब, त्यात धूळ दिसत नाही." धूळ पाचव्या मितीत जाते वाटतं. किंमत मात्र आपल्याच मितीत होती, म्हणून तसाच परत आलो.

तर रविवार, २५ मे २०२५. तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल. आठवडाभर पाऊस पडून त्या दिवशी सकाळी जरा उघडल्यासारखं वाटत होतं. बायको म्हणाली, "पावसाचं काही खरं नाही, पुढच्या आठवड्यात बघ." मी म्हटलं हा वळीव आहे गं, पुण्यात मान्सून दहा जूनला येतो, अजून पंधरा दिवस आहेत. हे मी ज्या थाटात म्हणालो तो थाट मला आजही आठवतो, तिला तर फारच आठवतो.

मागच्या आणि आईच्या बाजूच्या मॅट्स सहज निघाल्या. ड्रायव्हरची निघेना. तिला खाली दोन हूक असतात, ती पॅडलखाली सरकू नये म्हणून, आणि ते फिरवून सोडवायचे असतात हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. सीट मागे ढकलून, गुडघे बाहेर पार्किंगमध्ये, डोकं ब्रेकखाली, अशा अवस्थेत मी असताना वॉचमन येऊन म्हणाला, "साहेब, काही हरवलंय का?" मी दचकून डोकं वर केलं, ते स्टिअरिंगच्या खालच्या भागाला लागलं, हात आवळला, आणि कट्‌ असा आवाज आला. एक हूक गेला.

मॅटखाली जे होतं ते बघून मात्र मी थोडा वेळ वास विसरलो. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इनामगावला थर उकरून काढले तसंच होतं, फक्त आमची संस्कृती जास्त खाणारी. सगळ्यात वर तांबडी माती आणि सोडे. त्याखाली दिवाळीचा थर, चिवड्यातले शेंगदाणे आणि एक चकली, चकली अजून कडक होती, आईच्या भाजणीला मानलं. त्याखाली फास्टॅग यायच्या आधीच्या काळातली टोलची पावती, अक्षरं पूर्ण उडालेली. आणि तळाला, अगदी पत्र्याच्या कार्पेटला चिकटून, कानातल्याची सोन्याची फिरकी. ही फिरकी तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या लग्नात हरवली होती आणि तेव्हा बायकोने "तुमच्याकडच्या गर्दीत" असा एक शब्दप्रयोग केला होता जो मी विसरलेलो नाही. मी फिरकी शर्टाच्या खिशात ठेवली. योग्य वेळी काढू म्हणून.

सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे, टँकर मागवावे लागतात, त्यामुळे मॅट्स वर घरी न्यायच्या ठरल्या. चार मॅट्स छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरलो आणि पहिल्या मजल्यावर वरच्या काकू आत आल्या, हातात कुरडयांचा डबा. शेवटचा घाणा उन्हाअभावी अडकला होता, तो वाळत घालायला गच्चीवर निघाल्या होत्या. माळकरी बाई. दुसऱ्या मजल्याला त्यांनी पदर नाकाला लावला आणि तिसऱ्याला म्हणाल्या, "उंदीर मेलाय वाटतं हो डक्टमध्ये, सेक्रेटरींना सांगायला हवं." मी म्हटलं हो, सांगतो.

बाथरूममध्ये पहिली गोष्ट कळली ती ही की मॅट कधीच पूर्ण आडवी मावत नाही, एक टोक कमोडवर चढतंच. दुसरी गोष्ट, कोकणातली माती साबणाने जात नाही. म्हणजे पाणी लाल होतं, खूप लाल होतं, मोरीच्या जाळीत गाळ साचतो, पाणी घोट्यापर्यंत येतं, पण मॅट लालची लालच. मी सर्फ घातला, कपड्यांच्या ब्रशने घासलं, मग खराट्याने घासलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "जांभ्याची माती ती. आमच्याकडे पांढऱ्या लुगड्याला दोन पावसाळ्यांत गुलाबी झाक यायची, पुन्हा पांढरं नाही झालं कधी." आणि बरोबरच आहे, जांभ्याचा तांबडेपणा लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे सरळ गंजच, आणि गंज सर्फला कसला दाद देतोय. त्याला आंबट लागतं.

इथे मी यूट्यूब लावलं. कुणीतरी हसतमुख माणूस मॅटवर खाण्याचा सोडा भुरभुरत होता, त्यावर व्हिनेगर ओतत होता, जोरात फेस येत होता आणि पुढच्या सेकंदाला मॅट नवीकोरी. मीही केलं. स्वयंपाकघरातला सोड्याचा डबा रिकामा केला, चायनीज करायला आणलेली व्हिनेगरची बाटली उपडी केली, काय फसफसलं म्हणून सांगू, मुलाला हाक मारून दाखवलं. तो यंदा दहावीत गेलाय. त्याने शांतपणे फेस खाली बसेपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बाबा, तू ऍसिड आणि बेस एकत्र केलेस. दोघांनी एकमेकांना संपवलं. आता हे जवळजवळ मिठाचं पाणी आहे."

"पण वास?"

"वास अमाइनचा, म्हणजे मासळीत तयार होणाऱ्या रसायनाचा. ते बेसिक असतं. त्याला नुसतं ऍसिड पाहिजे होतं, सोडा कशाला घातलास?"

मागून आई म्हणाली, "मी तेच सांगतेय कधीची. मासळी धुताना कोकमाचा आगळ नाहीतर लिंबू लावतो की नाही आपण?" म्हणजे चौथी शिकलेली आजी आणि दहावीतला नातू, दोघांचं एकच उत्तर, आणि मधे मी, इंजिनिअर, मोरीत उकिडवा. आगळ लावला असता तर बेजवर आणखी एक रंग चढला असता म्हणून लिंबं कापली. अकरा. मे महिन्यातली लिंबं, भाव तुम्हीच आठवा. बाराशे रुपये वाचवायला निघालेला माणूस मॅटला सरबत पाजत होता.

खरं सांगायचं तर लिंबाने फरक पडला. वास सत्तर टक्के गेला, मातीचा रंग विटेवरून पीचवर आला.

पण ओली कार्पेट मॅट उचलून बघितली आहे का कधी? रबरामुळे पिळता येत नाही, नुसती धरली तरी पाणी गळत राहतं, संपतच नाही. गुंडाळून तिच्यावर उभा राहिलो, वायपरने ओढली, मुलाच्या बॅटने बडवली. मग माझी नजर वॉशिंग मशीनकडे गेली, नुसती स्पिनला टाकावी म्हणून, तर बायको काही न बोलता येऊन मशीनला पाठ लावून उभी राहिली. "सोडा आता हा नाद," म्हणाली. एरवी मला अरेतुरे करते, त्या दिवशी अहोजाहोवर आली होती, तेव्हा मी ओळखायला हवं होतं.

गच्चीवर नेल्या. एका बाजूला काकूंच्या कुरडया पांढऱ्या धोतरावर ओळीने, दुसऱ्या बाजूला कठड्यावर माझ्या चार मॅट्स. मधे बरीच जागा सोडली होती मी, तेवढी अक्कल होती. खाली येऊन आंघोळ केली, जेवलो, जरा पडलो. पाऊण तासात वरून आरडाओरडा. जाऊन बघतो तर सोसायटीतली सगळी मांजरं, मला वाटायचं दोन आहेत, पाच निघाली, मॅट्सवर पसरलेली. एक डोळे मिटून मॅट चाटत होतं. आणि सहावं, ज्याला मॅटवर जागा मिळाली नव्हती, ते काकूंच्या कुरडयांवर बसून आपली पाळी यायची वाट बघत होतं. काकूंनी एकदा मांजराकडे बघितलं, एकदा मॅटकडे, मग माझ्याकडे, आणि लिफ्टमधला उंदीर त्यांना तिथे उमगला. पुढचं संभाषण देत नाही. त्या माळकरी आहेत म्हणून थोडक्यात वाचलो.

मॅट्स घरात आणल्या. म्हटलं उद्या ऊन पडेलच.

दुसऱ्या दिवशी, २६ मेला, हवामान खात्याने जाहीर केलं की मान्सून पुण्यात दाखल झाला. मुंबईतही त्याच दिवशी, तिथे तर सोळा दिवस आधी. टीव्हीवर मुंबईचं पाणी दाखवत होते, आणि आमच्या हॉलमध्ये डायनिंगच्या चार खुर्च्यांवर चार मॅट्स, वर पंखा पाचवर, खाली पेपर. बायको टीव्हीकडे बघत होती, माझ्याकडे अजिबात बघत नव्हती. "दहा जून," एवढंच म्हणाली.

मी खिशातून फिरकी काढायला गेलो, म्हटलं हीच वेळ. तो शर्ट सकाळीच धुवायला गेला होता. फिरकी शेवटी मशीनच्या जाळीत मिळाली आणि ती कुणाला मिळाली हे सांगायची गरज नाही.

पुढचे चार दिवस आम्ही सतरंजीवर बसून जेवलो. हेअर ड्रायर झाला, इस्त्री झाली, फ्रिजच्या मागे उभी करून झाली. वरून कोरडी लागायची, अंगठा दाबला की पाणी. शुक्रवारी आईची डोळ्यांची तपासणी होती, गाडी काढणं भाग होतं, म्हणून "आता झाल्यात" असं स्वतःच ठरवून घातल्या. ड्रायव्हरच्या मॅटचा एक हूक तुटलेला, तिथे मुलगा आडवा आला. २००९ साली टोयोटाने मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकते म्हणून अमेरिकेत ३८ लाख गाड्यांचा रिकॉल काढला होता, हे त्याने फोनवरून मोठ्याने वाचून दाखवलं, आजीसमोर. झालं, ती मॅट पुन्हा वर गेली आणि मी माझ्या पायाखाली रविवारची पुरवणी अंथरली.

काचा बंद, बाहेर धो धो पाऊस, एसी सुरू. सिग्नलला थांबलो तेव्हा वास यायला लागला. सोड्यांचा नाही. पावसाळ्यात आठवडाभर बादलीत राहिलेल्या पोतेऱ्याचा, कुबट, त्यात मधेच लिंबू. मी काही बोललो नाही. आईने काच दोन बोटं खाली केली, पाऊस आत आला तरी वर घेतली नाही.

"ह्यापेक्षा सोडे बरे होते रे," ती म्हणाली. "निदान भूक तरी लागायची."

संध्याकाळी गाडी पार्किंगला लावली, हवा खेळावी म्हणून दार उघडं ठेवून बाजूला उभा राहिलो. गच्चीवर मॅट चाटत होतं तेच मांजर ओळखीने धावत आलं, पुढचे दोन पाय आत ठेवले, आईच्या जागेवरची मॅट हुंगली, माझ्याकडे वर बघितलं, आणि पाय झटकत वॉचमनच्या डब्याकडे निघून गेलं.