फेक नॅरेटिव्ह? मग खोटं वाक्य दाखवा

2024च्या लोकसभेत महायुतीला राज्यात 48 पैकी 17 जागा मिळाल्या, सोलापूरही काँग्रेसकडे गेलं, आणि ‘संविधान बदलणार’ या विरोधकांच्या प्रचाराला महायुतीच्या नेत्यांनी नाव दिलं ‘फेक नॅरेटिव्ह’. आता हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी बसलाय. सोलापूरच्या बातम्या इंग्लंडात बसून वाचताना तो खटकतो, कारण इथल्या कायद्यात ‘नॅरेटिव्ह’चा एक अर्थ जवळजवळ उलटा आहे.

अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी इथे कॉरोनर करतो. मृत कोण, मृत्यू कधी, कुठे आणि कसा झाला, एवढंच त्याने शोधायचं. ‘अपघात’, ‘आत्महत्या’ अशा एका शब्दात निष्कर्ष मावत नसेल तर तो घडलेलं थोडक्यात लिहून काढतो. हा नॅरेटिव्ह निष्कर्ष. त्यात नाव घेऊन कुणाला गुन्हेगार ठरवायला मनाई आहे. इथले राजकारणी मात्र सोवळे नाहीत हो, नॅरेटिव्ह आपल्या मुठीत ठेवायची धडपड इकडेही चालतेच.

शब्द लॅटिन ‘नार्रारे’वरून आला, म्हणजे सांगणे. त्यामागे ‘ग्नारुस’, जाणता. आपला ‘ज्ञा’ धातू त्याचा भाऊबंद.

घोळ कुठे होतो? समजा, चार वाक्यं आहेत: उजनी धरण भरलं. नळाला चार दिवसांआड पाणी येतं. जलवाहिनी जुनी आहे. शहर वाढलंय. पहिली दोन जोडली की महापालिका नालायक. शेवटची दोन पुढे आणली की बिचारी महापालिका. चारही वाक्यं खरी असली तरी दोन्ही नॅरेटिव्ह उभी राहतात. काय निवडलं, कोणत्या क्रमाने ठेवलं आणि मध्ये ‘म्हणून’ कुठे घातलं, यावर सगळा खेळ. खोटं असतं ते एखादं वाक्य, नाहीतर तो ‘म्हणून’. ‘फेक नॅरेटिव्ह’ म्हटलं की नेमकं काय खोटं, हे दाखवायची कटकटच मिटते.

मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. जाणूनबुजून पसरवलेलं खोटं तो अपप्रचार, एकांगी रचना ती मांडणी, कादंबरीतलं ते कथन. आणि चौथा शब्द कैफियत. सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात प्रतिवादी लेखी कैफियत देतो तेव्हा ‘दावा खोटा आहे’ एवढ्यावर भागत नाही. कोणतं विधान मान्य, कोणतं अमान्य, हे एकेक करून लिहावं लागतं. ज्याला स्पष्ट नकार दिला नाही, ते सहसा मान्य धरलं जातं.