सगळ्या लगला 85 आणाल तर स्नेअर फाटणारच

परवा रात्री भाच्याचा फोन, आवाज रडवेला. "मामा, स्नेअरचं खालचं हेड फाटलं, पण आकडा तर बरोबर येत होता ना!" स्नेअर म्हणजे ड्रमकिटमधला खाली तारा लावलेला ड्रम, हेड म्हणजे त्याची पुडी, आणि आकडा म्हणजे टेन्शन गेजवरचा, पुडीचा ताण मोजतो त्या यंत्रावरचा. ड्रम वाजवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की ड्रमला मुळात सूरच नसतो त्यामुळे ट्यूनिंगला कान लागत नाही, एक गेज घ्या, किटमधल्या प्रत्येक हेडच्या प्रत्येक लगजवळ (ड्रमच्या कडेला ताणाचा स्क्रू जिथे बसतो तिथे) 85 आणा, वरचं खालचं सगळं सेम, आणि पावसाळ्यात हेड सैल पडतं म्हणून रोज परत आणा. मलाही तीनदा आला होता. "काहीही!" म्हणून सोडून दिला, आता हे निस्तरतोय.

आधी त्या फाटलेल्या हेडचं. स्नेअरचं खालचं हेड साधारण 3 मिलचं असतं, म्हणजे इंचाचे 3 हजारांश, आणि वरचं साधं सिंगल प्लाय, म्हणजे एकाच थराचं, 10 मिलचं. दोघांना एकच आकडा लावायचा? बरं, खाली तारा जिथे बसतात तिथे शेलचा, म्हणजे ड्रमच्या पिंपाचा, काठ मुद्दाम थोडा उतरता घासलेला असतो, त्याला स्नेअर बेड म्हणतात. तिथे हेड बाकीच्या काठासारखं बसत नाही, त्यामुळे त्या बाजूच्या लगजवळ गेज कमी दाखवतो. दाखवणारच! पण मेसेज म्हणतो 85, म्हणून हा पठ्ठ्या ड्रमची चावी घेऊन तिथलेच रॉड, म्हणजे ताणाचे स्क्रू, पिळत बसला, आकडा हलेना, अजून पिळला, आणि टर्रकन गेलं. ड्रमडायलसारखा गेज सपाट काचेवर ठेवला की 100 दाखवतो आणि हेडवर टोक जितकं दबेल तितका आकडा खाली येतो, बास, एवढंच त्याचं काम. हेड किती पातळ आहे, बेड कुठे आहे, आवाज कसा येतोय, यातलं त्याला काही कळत नाही.

"ड्रमला सूर नसतो" हे तर तबल्याच्या देशात बसून लिहिलंय, कमाल आहे. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये आपल्या वाद्यांवर लिहिलं होतं. साध्या पुडीचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत, पहिलाच 1.59 पट येतो, आणि आपल्याकडे शाईमुळे ते पटीत बसतात. म्हणजे ड्रमकिटचा सूर तबल्याइतका स्वच्छ नाही हे खरं, पण मूळ स्वर असतोच की! प्रत्येक लगपासून इंचभर आत टिचकी मारून आपण ऐकतो ते याचसाठी, सगळीकडे एकच स्वर येतोय का बघायला. तबलजी हातोडी घेऊन गजऱ्याभोवती फिरतो तेव्हा दुसरं काय करतो?

सगळ्या टॉम्सना, म्हणजे किटमधल्या तारा नसलेल्या लहानमोठ्या ड्रम्सना, सेम आकडा, यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. हेड एकाच जातीची असतील तर सारख्या ताणाला स्वर व्यासाच्या उलट बदलतो, म्हणजे 16 इंची फ्लोअर टॉम सा धरला तर 12 इंची साधारण मध्यमावर येतो, आणि 12 ला सा धरलं तर 10 इंची कोमल गंधारावर. छान लागतं. पण एकावर डबल प्लाय हेड घातलंत की ते जड, त्याच आकड्याला स्वर खाली, गणित संपलं. आणि किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, 85? किक साधारण 75 च्या आसपास ठेवतात, 85 ला ती 'धम्म' न म्हणता टणटण करेल. वरचं-खालचं सेम ठेवायचं की नाही ही आवड, नियम नव्हे.

पावसाळ्याचं म्हणाल तर ते चामड्याच्या ढोलाचं दुखणं. ड्रमकिटवर 1950 च्या दशकाच्या शेवटापासून प्लास्टिकची हेड्स आहेत, ती दमट हवेने तशी सैल पडत नाहीत. वाजवून वाजवून पडतात.

गेज फेकून दे असं मी भाच्याला सांगितलेलं नाही. स्टेजवर शेजारी गिटारवाला अँप चेक करत असताना टिचकी ऐकू येत नाही, तेव्हा तो सोन्यासारखा. आधी कानाने लावायचं, आवाज आवडला की प्रत्येक ड्रमचा आकडा लिहून ठेवायचा, हेड बदललं की त्याच्या जवळपास यायचं आणि शेवटचा पाव फेरा परत कानाने. नवीन खालचं हेड काल दोघांनी मिळून बसवलं. बेडजवळचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमीच आहे, आणि तारा मस्त बोलतायत.