खोली सोडण्याच्या नोटिशीसोबत हक्काचा कागद हवा

ठाण्यातल्या चरईत आमच्या काकांच्या इमारतीत जिन्याखाली, विजेच्या मीटरपेटीशेजारी, मे महिन्यात पुन्हा नोटीस लागली. धाकट्या भावाने पाठवलेल्या छायाचित्रात नव्या नोटिशीखालून जुन्या नोटिशीची पिवळी पडलेली कड दिसते. इमारत सी-१ वर्गात आहे, म्हणजे अतिधोकादायक. ती रिकामी करून पाडायची आहे. घरात लगेच दोन तट पडले. भाऊ म्हणतो, पाऊस सुरू होण्याआधी काकांना हाताला धरून बाहेर काढले पाहिजे, वयाबरोबर त्यांचा हट्ट वाढत चालला आहे. आत्या म्हणते, एकदा खोली सोडली की मालक आणि बिल्डर मिळून ती गिळतील, तेव्हा कुणीही जागचे हलू नये. रहिवासी हट्टी आहेत की पालिकेचा हेतू शुद्ध नाही, असा हा वाद ठाण्यात दर पावसाळ्याच्या तोंडावर होतो आणि पहिल्या उघडिपीबरोबर थांबतो.

मी न्यूयॉर्क शहराच्या घरांविषयीच्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या कार्यालयात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट आहे. इमारती तपासायला मी जात नाही. माझ्या हाती असतात त्यांच्या भेटीगाठींच्या वेळा, नगर परिषदेच्या सदस्यांकडून आलेली पत्रे, बैठकींची इतिवृत्ते आणि प्रलंबित बाबींचा एक तक्ता, जो मी रोज सकाळी सर्वांत आधी उघडते. इथे घरातला प्रत्येक दोष तीन वर्गांत नोंदला जातो. ‘अ’ वर्गातल्या दोषाला ९० दिवस, ‘ब’ला ३० दिवस आणि जिवाला तातडीचा धोका असलेल्या ‘क’ला बहुतेकदा २४ तासांची मुदत असते. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त थंडी असेल, तर घरमालकाने दिवसा खोलीत किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअस, ऊब राखलीच पाहिजे. मालकाने तातडीचा दोष काढला नाही, तर शहर स्वतः दुरुस्ती करून खर्च त्याच्याकडून वसूल करते आणि तो न भरल्यास मिळकतीवर बोजा चढतो. कोणत्या इमारतीवर कोणते दोष अजून उघडे आहेत, हे पत्ता टाकून कुणालाही घरबसल्या पाहता येते.

इथे सगळे आलबेल आहे, असे यावरून कुणी समजू नये. जानेवारी २०२२ मध्ये ब्रॉन्क्समधल्या एका उंच इमारतीला आग लागली, आपोआप बंद व्हायला हवे होते ते दरवाजे बंद झाले नाहीत, जिन्यात धूर भरला आणि १७ जणांचा जीव गेला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच भागात एका इमारतीचा कोपरा खाली आला. भार पेलणाऱ्या खांबाची नोंद एका अभियंत्याने केवळ शोभेचा खांब अशी केली होती, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले. तिथे कुणी दगावले नाही. दंडाला धंद्याचा खर्च समजणारे मालक इथेही आहेत आणि राहते घर रिकामे करावे लागल्यामुळे महिनोन्‌महिने निवाऱ्यात दिवस काढणारी कुटुंबेही आहेत.

तरीही एक गोष्ट मी इथे शिकले आणि ती ठाण्याच्या वादात मला कुठेच ऐकू येत नाही. एका हिवाळ्यात, रिकाम्या करवलेल्या एका इमारतीतल्या भाडेकरूंची आमच्या अधिकाऱ्यांबरोबर बैठक होती आणि मी इतिवृत्त लिहायला बसले होते. सत्तरीच्या एका बाईंनी दुरुस्ती कधी होणार, हे विचारलेच नाही. ‘चौथ्या मजल्यावरची मागची खोली माझी आहे, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे?’ एवढेच त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले. न्यूयॉर्क राज्यात भाडे नियंत्रित असलेल्या घरातून भाडेकरूला अशा आदेशाने बाहेर पडावे लागले, तर तो राज्याच्या भाडे प्रशासनाकडे अर्ज करू शकतो आणि त्याचे भाडे महिना एक डॉलर ठरवून दिले जाते. त्या एका डॉलरने मालकाचे काही भागत नाही, पण भाडेकरार जिवंत राहतो आणि इमारत पुन्हा राहण्याजोगी झाली की परतण्याचा हक्कही शाबूत राहतो. हे समजावून सांगितल्यावर बाईंनी अर्जाचा कागद घेतला, त्याची चार घड्यांची घडी केली आणि जुन्या भाडेपावत्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. काकांच्या लोखंडी कपाटात अगदी अशीच पिशवी आहे. तिच्यात पागडीची पावती, शिधापत्रिका, १९८०च्या दशकापासूनच्या भाडेपावत्या आणि विजेची बिले आहेत.

काकांच्या नकाराला हट्ट म्हणणे मी त्या दिवसापासून सोडले. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातल्या बी-केबिन भागात कृष्ण निवास ही इमारत रात्री कोसळून १२ जण गेले, तेव्हा काका सकाळीच तिथे पोहोचले होते. जीर्ण इमारत काय करते, हे त्यांना कुणी सांगायला नको. छप्पर पडण्याची भीती त्यांना आहेच, पण हातातली खोली कायमची जाण्याची भीती त्याहून मोठी आहे, कारण पहिली कदाचित खरी होईल आणि दुसरी खरी झाल्याचे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

कायदा आपल्याकडे कमी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाबद्दल नोटीस देता येते, कलम २६८ खाली इमारत रिकामी करवता येते आणि ३० वर्षांपुढच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचे बंधन कलम २६५-अ मध्ये आहे. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगलीतल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्या हक्कासाठी काका जीव धोक्यात घालून बसले आहेत, तो त्यांना कायद्याने आधीच दिलेला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, खोली सोडा असे सांगणाऱ्या हातानेच हा हक्क लेखी द्यावा. खोलीचे मोजलेले क्षेत्रफळ, मजला, रहिवाशाचे नाव, ताब्याचा प्रकार आणि तारीख एका कागदावर यावी, खाली अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असावा, एक प्रत मालकाला जावी, आणि हे सगळे सामान हलवण्याच्या आधी व्हावे.

क्लस्टर योजना, म्हणजे जुन्या इमारतींचा एकेकट्याने नव्हे तर गटाने पुनर्विकास करण्याची योजना, आल्यावर हे प्रश्न आपोआप सुटतील, असे मला अनेक जण सांगतात. जून २०२३ मध्ये किसननगरात तिचा प्रारंभ झाला आणि ती पूर्णत्वाला जावी, ही माझीही मनापासून इच्छा आहे, कारण अरुंद गल्ल्यांतून अग्निशमनाची गाडी आत शिरत नाही, तिथे एकेक इमारत नवी करून भागणार नाही. पण क्लस्टरचा हिशेब वर्षांत चालतो, तर काकांच्या इमारतीचा हिशेब या पावसाळ्याचा आहे.

अनधिकृत इमारतींत हा प्रश्न अधिक कठीण आहे, हे मी मान्य करते. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत पडून ७४ जण मेले. ती पागडीची जुनी इमारत नव्हती, बेकायदा उभी राहत असलेली नवी इमारत होती. अशा ठिकाणी रहिवाशाला मालकीचा कागद देता येणार नाही आणि देऊही नये. मात्र अमुक कुटुंब अमुक तारखेला इथे राहत होते, एवढी नोंद करून तिची प्रत त्या कुटुंबाला दिल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. पुढे पुनर्वसनाचा विषय निघाला, तर खरा रहिवासी कोण, हे शोधायला मात्र तिचा उपयोग होतो. नवी मुंबईतल्या दिघ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बेकायदा इमारतींवर कारवाई सुरू झाली, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून बसलेल्या कुटुंबांजवळ दाखवायला फार थोडे होते.

असा कागद निघाला तरी त्याच्यामागे रोज कुणीतरी लागावे लागते. आमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी पुढचे काम कुणाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असते आणि तो रकाना रिकामा दिसला की मी फोन उचलते. हे काम छोटे आहे, त्याला मोठी पदवी लागत नाही. ठाण्यातल्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात धोकादायक इमारतींसाठी असा एक माणूस केवळ याच कामाला नेमावा, असे मला वाटते, कारण यादी दरवर्षी होते आणि त्या यादीतल्या प्रत्येक दारामागे एक पिशवी असते.

गेल्या रविवारी काकांना फोन केला आणि एक डॉलरच्या भाड्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘बाळ, तसा कागद आपल्याकडे मराठीत कसा लिहायचा, तो तू लिहून पाठव. तो हातात पडला, तर मी त्याच दिवशी तुझ्या भावाकडे घोडबंदरला राहायला जाईन.’ त्याच रात्री मी मसुदा तयार केला. दुसरा मजला, खोली क्रमांक, भाडेकरू म्हणून ताबा, अंदाजे क्षेत्रफळ; शेवटी सहीसाठी तीन जागा, एक काकांची, एक मालकाची आणि एक अधिकाऱ्याची. भावाने त्याच्या चार प्रती काढल्या आहेत आणि खोली मोजायला टेप आणली आहे.